एका कुटुंबापुरता अँटिव्हायरस

अँटिव्हायरस विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं मला फसवलं, आणि त्याच्या भरवशावर मी माझ्या शंभरावर गिऱ्हाइकांना फसवलं. दोन्ही गोष्टी आधीच लिहून टाकतो. नंतरसाठी ठेवल्या तर पहिली मोठी होईल आणि दुसरी बारीक होत जाईल. माझा स्वभाव मला माहीत आहे.

आदिलाबादला बस स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माझे वडील जवळच्या मावला गावात वांगी आणि मेथी पिकवायचे. मी दहावीनंतर एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाडू मारायला लागलो आणि तिथलं बंद पडलेलं मशीन मालक जेवायला गेला की उघडून पाहायचो. एवढंच माझं शिक्षण. बाकी जे आलं ते भाजी बाजारातून आलं. समोरच्यानं आकडा सांगितला की आपण आधी हसायचं, मग वजन हातात घेऊन पाहायचं आणि मग आपला आकडा बोलायचा. लॅपटॉपही मी असाच विकत घेतला आणि असाच विकला. माझी बायको मंदा गल्ल्यावर बसते. तिचं म्हणणं, "हे विकतात कमी, भांडतात जास्त." खरं आहे, पण भांडून घेतलेला माल माणूस जपून वापरतो.

बाहेरच्यांना वाटतं, आमचा धंदा लॅपटॉप विकण्याचा. लॅपटॉपवर आम्हाला सुटतं ते नावापुरतं, कारण त्याचा भाव आता प्रत्येकाच्या मोबाइलवर असतो. आमचं पोट चालतं बॅग, माउस, दुरुस्ती आणि अँटिव्हायरसचा डबा यांवर. डबा म्हणजे पुठ्ठ्याचा रिकामा खोका. आत एक कागद असतो. कागदावरची चंदेरी पट्टी नाण्यानं खरवडली की खालून आकडे निघतात. ते आकडे मशीनमध्ये भरले की वर्षभर रखवाली सुरू. लोकांना मात्र खोका लागतो. खोका दिला नाही तर गिऱ्हाइकाला काही घेतल्यासारखंच वाटत नाही.

आता फुकटचा घ्यावा की विकतचा, हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं, म्हणून तोही सांगून टाकतो. नव्या लॅपटॉपमध्ये एक रखवालदार आधीच बसलेला येतो, फुकट. पूर्वी तो झोपाळू होता, आता चांगला जागा असतो. विकतचा बसवला की फुकटचा आपण होऊन बाजूला होतो, कारण एका दारावर दोन रखवालदार ठेवले तर ते एकमेकांनाच चोर समजतात. ही बाजूला होण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. विकतच्यात काही कुलपं जास्त मिळतात, आणि मदतीला फोन नंबर मिळतो. मी गिऱ्हाइकाला नेहमी एकच सांगायचो, "फुकटच्यात सगळं आहे, फक्त भांडायला समोर माणूस नाही. विकतच्यात माणूस मिळतो." वीस वर्षं हेच वाक्य बोलून मी डबे विकले.

आमच्याकडे व्हायरस इंटरनेटवरून कमी आणि झेरॉक्सच्या दुकानातून जास्त आला. गावात प्रिंटर कोणाच्या घरी नाही. जो तो पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जातो. तिथल्या एका मशीनला दिवसातून पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि पहिल्याचा रोग पन्नासाव्यापर्यंत घरपोच होतो. बाई जातीचा दाखला छापायला जाते आणि येताना व्हायरस घेऊन येते. झेरॉक्सवाल्याला बोललं की तो म्हणतो, "माझ्या मशीनला तं काईच नाई झालं."

डबा विकणं किती अवघड, ते गिरजाबाईंवरून कळेल. गिरजाबाई मावल्याच्या, माझ्या वडिलांच्या शेजारी बाजारात बसून वांगी विकायच्या. त्यांची नात बासरला कॉलेजात शिकायला लागली, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायला आल्या. दीड तास भाव केला. फुकटात बॅग काढली, माउस काढला, वर स्क्रीन पुसायचं फडकं काढलं. मग मी डबा पुढे सरकवला.

"हे काय व्हय?"

"अँटिव्हायरस, मावशी. मशीनला रोग नाही होणार."

"नाई झाला रोग तं पैशे वापस देशील का?"

"नाही झाला म्हणजे यानंच वाचवलं ना!"

"आन् झाला तं?"

"झाला तर मी बसलो आहे दुरुस्त करायला."

"मंग तू बसलाच हायेस तं याले कायले घेऊ?" असं म्हणून त्यांनी डबा वाजवून पाहिला. "रिकामा हाय रे हा. किसनच्या पोरा, तुह्या बापानं जल्मात कोनाले रिकामी टोपली नाई इकली. आमी किलोभर वांग्यावर कोथिंबीर फुकट टाकतो. तू एवढ्या मोठ्या मशीनवर एक पुठ्ठा टाकत नाईस?"

मंदा गल्ल्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. मी तापलो, आवाज चढवला, महागाई सांगितली. गिरजाबाई शांतपणे पिशवी आवरून उठल्या. शेवटी मी पुठ्ठा टाकला. कोथिंबीर म्हणून.

अशा कोथिंबिरी टाकून टाकून मी रडकुंडीला आलो होतो तेव्हा राजेश आला. राजेश हैदराबादहून महिन्यातून एकदा यायचा. कंपनीचा विक्री प्रतिनिधी, गोड बोलणारा, चहात बिस्किट बुडवून खाणारा. त्यानं मोठा डबा दाखवला. एकाच डब्यात दहा मशीनची रखवाली, आणि भाव तीन डब्यांहून कमी. मी वजन हातात घेऊन पाहतो तसा डबा उलटा करून पाहिला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं की हा एकाच कुटुंबाच्या वापरासाठी आहे. ती ओळ मी वाचली. वाचली नव्हती असं मी कुठंही म्हणणार नाही.

"राजेशभाई, ये तो एक फैमिली के लिए है."

"भाईसाब," त्यानं बिस्किट बुडवलं, "आपके कस्टमर आपकी फैमिली ही तो हैं. सब यही करते हैं. और सबमें नंबर आप अपना डाल दो. गाँव के लोगों को ओटीपी-वोटीपी कहाँ समझता है."

त्याला महिन्याचं टार्गेट गाठायचं होतं आणि मला कोथिंबीर स्वस्त पडायला हवी होती. दोघांचंही जमलं. मी दहाचा डबा घेऊन त्यातली एकेक जागा एकेका गिऱ्हाइकाला द्यायला लागलो, पहिलं वर्ष कोथिंबीर म्हणून आणि पुढची वर्षं पैसे मोजून घेऊन, अगदी गिरजाबाईंकडूनही. एका डब्याचे दोन झाले, दोनाचे अकरा. सगळ्यांवर नंबर माझा, ईमेल दुकानाचा. गिऱ्हाइकांना विचारलं तर तेच म्हणायचे, "तुमचाच टाका न भाऊ, आमाले काय समजते."

यातून जे झालं ते राजेशलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही.

सगळी मशीनं माझ्या एकाच खात्यात आली. खातं उघडलं की यादी दिसायची. प्रत्येक मशीनपुढे एक ठिपका असायचा, ठीक असेल तर हिरवा, गडबड असेल तर लाल. बाजूला शेवटचं कधी उघडलं तो दिवस. मशीनना नावं द्यावी लागायची, ती मी आपली माझ्या सोयीनं दिली. 'मावला वांगी'. 'उटनूर सर'. 'रेल्वे गेटचा चिडका'. 'दोन सुना'. सकाळी दुकान उघडलं की आधी यादी पाहायची, मग उदबत्ती. मंदा म्हणायची, "देवाआधी कोनाचं दर्शन घेऊन राह्यले?"

लाल ठिपका दिसला की मी फोन लावायचो.

"काल काय लावलं मशीनला?"

"काई नाई भाऊ, पेनडराइव..."

"झेरॉक्सचा?"

"तुमाले कसं समजलं?"

लोकांना मी अंतर्ज्ञानी वाटायला लागलो. 'दोन सुना' पंधरा दिवस उघडलंच नाही, तेव्हा मला कळलं की घर वेगळं झालं आणि लॅपटॉप कोणाचा यावर अडलं आहे. मी जाऊन दोघींना एका चटईवर बसवलं आणि वार वाटून दिले. अँटिव्हायरसच्या कोणत्याही कागदावर हे काम लिहिलेलं नाही.

आता 'उटनूर सर'. वाघमारे सर उटनूरच्या पुढे जंगलातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षक. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबले, आणि सर त्या घरातले पहिले नोकरदार. माझं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी वाजलं. मी लॅपटॉपचा भाव सांगितला आणि त्यांनी पैसे काढून ठेवले. भाव न करणारं गिऱ्हाईक मला सहन होत नाही. मला वाटतं, यानं मला चोर समजून सोडून दिलं.

"सर, काही तरी कमी म्हणा!"

"काऊन? तुमी जास्त सांगतलं का?"

मी स्वतःच भाव कमी केला, स्वतःच बॅग दिली आणि स्वतःवरच चिडलो. सर म्हणाले, "शेठ, तुमचे कान लाल झाले." तेव्हापासून ते मला शेठ म्हणतात, आणि त्यात अर्धी थट्टा असते.

त्यांच्या वर्गात येणारी लेकरं गोंडी बोलणारी. पुस्तक तेलुगू. लेकरू म्हणतं 'येर', पुस्तक म्हणतं 'नीळ्ळू', आणि सरांच्या तोंडात घरचं 'पाणी'. पहिलीतलं पोर तहान लागली तरी सांगायला लाजतं. म्हणून सरांनी लॅपटॉपवर एक बोलतं पुस्तक करायला घेतलं. चित्रावर बोट ठेवलं की आधी गोंडी शब्द ऐकू येणार, मग तेलुगू. गोंडी शब्द त्यांनी स्वतःच्या आवाजात नाही भरले. म्हणाले, "माह्या तोंडून तो शब्द उसना वाटते." दरवर्षीच्या वर्गातल्या लेकरांकडून एकेक शब्द बोलवून घेतला. सहा वर्षांत सहा वर्गांचे आवाज जमले. मधूनमधून दुकानात येऊन मला ऐकवायचे. एक पोरगी मोराचा गोंडी शब्द म्हणायच्या आधी दरवेळी हसायची, आणि ते हसू सरांनी कापलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, हे काढा, मी काढून देतो." ते म्हणाले, "राहू द्या. नव्या लेकराले पयले हासूच ऐकू आलं पायजे."

एकदा त्यांचा ठिपका नऊ दिवस तसाच. हिरवा, पण तारीख पुढे सरकेना. फोन लागत नव्हता. मी जीप पकडून गेलो. सर तापानं फणफणलेले, एकटेच, बायको माहेरी. त्यांना जीपमध्ये घालून आदिलाबादला दवाखान्यात आणलं. शुद्धीवर आल्यावर म्हणतात, "तुमाले कोनं सांगतलं?" मी म्हटलं, "तुमच्या अँटिव्हायरसनं."

त्या वर्षी मी राजेशला चहाबरोबर जेवणही दिलं.

दोन वर्षांपूर्वीचा सोमवार. दुकान उघडलं, यादी उघडली. सगळे ठिपके लाल. वरपासून खालपर्यंत, एकही हिरवा नाही. मला वाटलं माझंच मशीन बिघडलं. तेवढ्यात फोन सुरू झाले. "भाऊ, लाल पाटी येऊन राह्यली." "भाऊ, धोका हाय म्हन्ते." मी राजेशला फोन लावला. बंद. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर लावला, गाणं ऐकलं, आकडे दाबले, पुन्हा गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगी बोलली, गोड आवाजात.

"सर, ये लाइसेंस एक फैमिली के लिए होता है. आपकी फैमिली में कितने मेंबर हैं?"

"एक सौ सात."

"सर, सब एक ही घर में रहते हैं?"

"एक ही ज़िले में रहते हैं!"

"सॉरी सर, पॉलिसी के हिसाब से सब ब्लॉक हो गया है."

आता माझी चूक, जी राजेशच्या खात्यावर टाकता येत नाही.

डबा बंद झाला तरी तो मशीनमध्ये बसूनच होता. तो बसून आहे म्हणून फुकटचा रखवालदार बाजूलाच उभा. म्हणजे दारावर एक मेलेला आणि एक रजेवर. उपाय सोपा होता. मेलेला काढून टाकला की फुकटचा आपण होऊन कामावर येतो. फोनवर कोणालाही सांगता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. मंदा तेच म्हणत होती.

"सगळ्याइले फोन करा न. काढून टाका म्हना ते."

"काढलं तर कंपनी म्हणेल तुम्हीच काढलं. माझ्याकडे पुरावा काय राहील? राहू दे लाल. मी त्यांना हे लाल दाखवीन."

"तुमाले भांडन जिंकाचं हाय का लोकाइचे मशीन वाचवाचे हायेत?"

मी तिच्यावर ओरडलो. तीन दिवस भांडलो. फोनवर, ईमेलवर, इंग्रजी येणाऱ्या एका वकिलाला पकडून दरखास्त लिहून. गिऱ्हाइकांना सांगत राहिलो, "हात लावू नका, दोन दिवसांत सुरू करवतो." भाव पाडण्याची माझी पद्धत हीच, समोरचा थकेपर्यंत वजन हातातून ठेवायचं नाही. पण यावेळी ते वजन माझं नव्हतं.

बुधवारी वाघमारे सरांनी शाळेचा तक्ता छापायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात दिला. संध्याकाळी तो घरी लॅपटॉपला लावला. मला आधी फोनही केला होता, "शेठ, लाल पाटी हाय, काम करू का?" मी घाईत होतो, कंपनीचं गाणं ऐकत होतो. म्हटलं, "करा सर, मी पाहून राह्यलो."

गुरुवारी ते स्वतः लॅपटॉप घेऊन आले. नेहमीसारखी बॅग खांद्याला नव्हती, छातीशी धरली होती. उघडून पाहिलं. प्रत्येक फाइलच्या नावापुढे वेडीवाकडी अक्षरं. मधोमध इंग्रजी पत्र की तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, किल्ली हवी तर पैसे पाठवा. असे पैसे पाठवून किल्ली येतेच असं नाही, आणि ज्यानं लावलं तो कोण, कुठला, कोणाला ठाऊक नसतं. मी दुपारपर्यंत सगळं करून पाहिलं. मला येत होतं ते, आणि येत नव्हतं तेही.

"आवाज गेले का?"

"गेले नाहीत सर. आत आहेत. पण कुलूप पडलं आहे."

"दुसरीकडे ठेवले नवते मी. तुमी एकदा सांगतलं होतं, आळस केला."

"तुमचा आळस नाही सर, माझा..."

सर माझ्याकडे पाहून म्हणाले, "शेठ, आज तुमचे कान लाल नाई झाले." मग खुर्चीवर बसले आणि मंदाला म्हणाले, "ताई, चाय असन तं द्या." चहा पिऊन गेले. बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला उत्तर देता आलं असतं. मी उत्तर देण्यातच आयुष्य घालवलं आहे.

ती डिस्क मी काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. असल्या कुलपांच्या किल्ल्या कधी कधी वर्षांनी सापडतात, शहाणी माणसं शोधून काढतात आणि फुकट देतात. दर दोन महिन्यांनी मी पाहतो. अजून नाही.

त्याच संध्याकाळी मी भांडण सोडलं आणि फोन लावायला बसलो. ज्यांना फोनवर जमलं नाही त्यांच्या घरी गेलो. मावल्यापासून उटनूरपर्यंत एकेक मशीन हातात घेऊन मेलेला काढला, फुकटचा जागा केला, आणि ज्यानं जेवढे पैसे भरले होते तेवढे त्याला परत केले. महिना लागला. बहुतेकांनी चहा पाजला. 'रेल्वे गेटचा चिडका' मात्र चहा न देता बोलला, "तुमी हात लावू नका म्हनले, तं आमी लाललेच हिरवं समजून बसलो." बरोबर बोलला. गिरजाबाईंनी पैसे मोजून पिशवीत टाकले. "मी म्हनलं होतं का नाई, टोपली रिकामी हाय?" आणि वर दोन किलो वांगी दिली. त्यावर कोथिंबीर.

राजेश आला नाही. ऐकलं की दुसऱ्या कंपनीत लागला, आता प्रिंटरची शाई विकतो.

गेल्या उन्हाळ्यात वाघमारे सर पुन्हा आले. दुसरी डिस्क टाकलेला जुना लॅपटॉप अगदीच थकला होता. नवा घ्यायचा होता. पसंत केला, भाव केला नाही, मीच केला. मग म्हणाले, "आन् अँटिव्हायरस? फुकटचा का इकतचा?"

वीस वर्षं मी त्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. मंदानं गल्ल्यावरून मान वर केली.

"फुकटचा, सर. आत आहेच, तो पुरतो. डब्याच्या पैशात एक वेगळी डिस्क घ्या. दर शनिवारी सगळं तिच्यात उतरवा, आणि लगेच काढून ठेवा. लॅपटॉपला लावून ठेवाल तर तिलाही कुलूप पडेल. आणि ती तुमच्या घरी ठेवू नका, शेजाऱ्याकडे ठेवा."

"नाई. इकतचा टाका."

"सर, गरज नाही."

"गरज हाय. एका मशीनचा डबा घ्या, माह्याच नावाचा. पन नंबर तुमचा टाका."

"माझा नंबर कशाला? आता नियमानं तुमचा टाकायचा."

"मंग यादीत माहं नाव कसं येईन?"

मला समजलं नाही. सर खुर्चीत पुढे सरकले.

"शेठ, बाई सारखी माहेरी असते, तिची माय अंथरुनावर हाय. मी तिथं एकटा. सकाळी लॅपटॉप उघडला का वाटे, आदिलाबादले एका मानसाले दिसून राह्यलं, वाघमारे उठला. फुकटच्यात ते हाय का?"

"नाही."

"मंग इकतचा द्या."

असा भाव मी जन्मात केला नव्हता. गिऱ्हाईक म्हणतं घेतो, मी म्हणतो देत नाही. सर पैसे पुढे सरकवतात, मी मागे सरकवतो. माझा आवाज चढला. "तुम्हाला एकदा बुडवलं तेवढं पुरे नाही का?" सर हसले. "आता झाले लाल." शेवटी मंदानं दोघांनाही थांबवलं.

"सर, तुमी रोज मशीन उघडलं का यांच्या मोबाइलवर मिस कॉल देत जा. उचलाचा नाई. फुकट."

आता रोज सकाळी साडेसातला, मी दात घासत असताना, मोबाइल दोनदा वाजून थांबतो. एखाद्या दिवशी आठ वाजले की मंदा मला मोबाइल आणून देते. ती वेगळी डिस्क सरांनी शेजाऱ्याकडे नाही ठेवली, माझ्याकडे ठेवली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतात, नवे आवाज उतरवतात, डिस्क पुन्हा कपाटात जाते, कुलूप पडलेल्या जुन्या डिस्कच्या शेजारी. बोलतं पुस्तक पुन्हा सुरू आहे. 'मोर' म्हणणारी पोरगी आता सहावीत आहे. सरांनी तिला पुन्हा बोलावलं. तिनं शब्द नीट, स्पष्ट म्हटला. हसली नाही.

म्हणून हे लिहिलं.

राजेश, हा दिवाळी अंक तू वाचत नसशील, पण तुझ्या धंद्यातलं कोणी ना कोणी वाचेल आणि तुला दाखवेल. 'आपके कस्टमर आपकी फैमिली ही तो हैं,' हे तू माझ्या दुकानात, माझं बिस्किट माझ्या चहात बुडवून बोललास. मी ते खरं मानलं, आणि मग ते खरं झालं. माझी लबाडी मी वर लिहिली, लोकांचे पैसे परत केले, तीन दिवसांच्या हट्टाबद्दल सरांची माफी मागितली. त्यांनी दिली, पण ते मला पुरत नाही. तुझ्या कंपनीनं आम्हाला डबे विकताना एकदाही विचारलं नाही की आदिलाबादच्या एका दुकानदाराला एवढी घरं कशी काय. विकून झाल्यावर विचारलं. मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो की विकतच्या मालात भांडायला माणूस मिळतो. तो माणूस कुठं आहे?

दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता वाघमारे सर दुकानात असतात. तू ये, नाहीतर तुझ्या जुन्या कंपनीतला कोणी पाठव. गाणं नको, आकडे दाबायला लावू नका. समोरच्या खुर्चीवर बसा आणि त्या मुलीच्या हसण्याचं काय करायचं, ते सरांना तोंडानं सांगा. चहा मी देईन. बिस्किट मिळणार नाही.